कोरा पिंजरा

"आणि कोरा कुठाय?"

सरांचा हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा माणूस आमच्या कॉलेजात नव्हता. प्राचार्यांपासून कँटीनच्या मामांपर्यंत सगळ्यांना तो कधी ना कधी ऐकावा लागला होता, आणि ज्याला ऐकावा लागला तो पुढे काही दिवस सरांना बघून रस्ता बदलायचा.

कोरा म्हणजे काय, हे आधी सांगते. सर बीडला आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. प्रयोगात एका पिंजऱ्यातल्या उंदरांना औषध द्यायचं आणि दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांना काहीच द्यायचं नाही. बाकी अन्न, पाणी, ऊन, सावली सगळं सारखं. मग दोन्ही पिंजऱ्यांत जो फरक पडेल तो औषधाचा. पुस्तकात या दुसऱ्या पिंजऱ्याला कंट्रोल म्हणतात. सर त्याला कोरा पिंजरा म्हणायचे, कारण बीडमध्ये कंट्रोल म्हटलं की लोकांना रेशनचं दुकान आठवतं.

प्रयोगशाळेपुरतं हे ठीक होतं. पण सरांनी सगळा संसारच कोऱ्यावर बेतला होता. त्यांचे दोन शर्ट एकाच ताग्यातले होते. एकाला इस्त्री, दुसऱ्याला जन्मात इस्त्री नाही. इस्त्रीने कापड लवकर विरतं असं कुणीतरी म्हणालं होतं, ते सर तपासत होते. कँटीनमध्ये ते चहाचे दोन कप मागवायचे, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा, आणि आलटून पालटून घोट घ्यायचे. साखर नेमकी किती गोड लागते हे बिनसाखरेचा घोट घेतल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मामा नव्या पोरांना सांगायचे, "सरांना इचारू नका. दोन कप ठिवायचे अन् मागं सरायचं."

ऑफिसातल्या हेडक्लार्कनी नारायणगडाला नवस बोलला आणि त्यांच्या मुलाला नोकरी लागली. ते पेढे घेऊन आमच्या विभागात आले. सरांनी पेढा चवीने खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "नवस न बोलता नोकरी लागलेली पोरं किती, ते बघितलंत का? कोरा कुठाय?" हेडक्लार्कनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि चालते झाले. त्या वर्षी सरांची एकही रजा सरळ मंजूर झाली नाही. बरं, सर काही देव न मानणारे नव्हते. एकादशीला ते म्हाताऱ्या आईला स्वतः नारायणगडावर न्यायचे. आई आत जाऊन डोकं टेकायची आणि सर बाहेर पायरीवर बसून राहायचे. एकाच घरातली दोन माणसं, एक टेकलेलं, एक कोरं. निकाल काय लागला ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "धाकट्या भावाचं झालंय ना? मग घरात एक कोरा नको का?" सुट्टीत भावाकडे जाऊन, भावजयीने भावाचा केलेला उद्धार कान भरून ऐकून परत यायचे आणि आम्हाला सांगायचे, "कोऱ्याची तब्येत अजून तरी बरी आहे."

मी आधी त्यांची विद्यार्थिनी. पुढे एम.एस्सी. करून परत आले आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर लागले. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, बीडमध्ये बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान होतं. औषधं म्हणजे फवारणीची. आमच्याकडे शेतकरी किडीच्या विषाला औषधच म्हणतो. नव्वदीनंतरची ती वर्षं. देशाची दारं उघडली असं पेपरात छापून यायचं, आम्हाला ते दुकानाच्या काउंटरवर दिसायचं. दर हंगामात नवी कंपनी, नवा एजंट, चकचकीत नवी बाटली आणि बाटलीबरोबर अप्पांना भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. घरात इतकी घड्याळं झाली होती की त्यातलं बरोबर कोणतं, यावरून आई आणि अप्पा भांडायचे.

सर पहिल्यांदा दुकानात आले ते लाल त्रिकोणाची एक बाटली मागायला. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यांत जहाल.

"किती एकर हाय, सर?" अप्पांनी विचारलं.

"एकर नाही. उंदरांना पाजायचंय."

"उंदराला? मग ह्ये कावून? उंदराच्या गोळ्या हायेत की."

"मारायचं नाहीये त्यांना. मरणार नाहीत एवढंच पाजायचं आणि आत काय मोडतं ते बघायचं."

अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीला आठ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बियाण्याच्या पोत्यांकडे बघू लागले. तेव्हा सरांनी काउंटरवरच्या गुंडाळीतून सुतळीचा एक तुकडा तोडला आणि अप्पांना एक टोक धरायला लावलं. "शरीरातली प्रत्येक पेशी दुभागते," ते म्हणाले. "तेव्हा आतले धागे असे दोन्हीकडे ओढले जातात. आईबापाचं जे काही लेकराकडे जातं ते या धाग्यांवरून जातं. आता ओढा." अप्पांनी ओढली. सुतळी जुनी होती. ती दोन ठिकाणी तुटली आणि मधला तुकडा काउंटरवर पडला. सर त्या तुकड्याकडे बघून खूश झाले. "हा बघा. हा ना इकडे गेला, ना तिकडे. पेशीत असा तुकडा मागे राहिला की तो ठिपका होऊन बसतो. मी उंदराच्या हाडातल्या मज्जेत हे ठिपके मोजतो."

"म्हंजे औषधानं धागं तुटत्यात, आसं म्हणायचं हाय तुमाला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये. मला माहीत नाही. माहीत असतं तर उंदरांना कशाला त्रास दिला असता?"

रात्री जेवताना अप्पा मला म्हणाले, "बाई, तुझं सर आपल्या धंद्याच्या मुळावर उठल्यात. पर माणूस खरा हाय. माहीत न्हाई म्हणतोय. आमच्याकडं येणाऱ्या एजंटाला सगळं माहीत आसतं."

उंदीर औरंगाबादहून यायचे, पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. ते आणायला सर स्वतः जायचे आणि एस.टी.ने परत यायचे. एकदा मीही बरोबर होते. वेताच्या टोपलीवर धोतराचा तुकडा बांधून सर टोपली मांडीवर घेऊन बसले. गेवराईच्या अलीकडे टोपलीतून चूं असा आवाज आला. कंडक्टर वळला. "काय हाय त्यात?"

"परीक्षार्थी," सर म्हणाले.

कंडक्टरने फडकं उचललं आणि दोन पावलं मागे सरला. मागच्या बाकावरच्या बायांनी पाय वर घेतले. कोंबडीचं तिकीट असतं, बकरीचं असतं, उंदराचं कुठल्याच नियमात नव्हतं, म्हणून कंडक्टर गाडी थांबवायला निघाला. तेवढ्यात एक म्हातारी उठली, पुढे आली आणि टोपलीला हात लावून तिने तो कपाळाला लावला. "पांढरा उंदीर हाय, लेकरा. गणपतीचं वाहन. त्याला एस.टी.तून उतरवतूस व्हय?" मग साऱ्या गाडीने टोपलीला हात लावले. एकीने उंदरांना हळद-कुंकू वाहिलं. ते कुंकू धुवून काढायला मला दुसऱ्या दिवशी सकाळ लागली, आणि सर शेजारी उभे राहून काळजी करत होते की कुंकवाचाही काही परिणाम व्हायचा, आता सगळ्यांनाच थोडंथोडं लावावं लागेल.

उंदीर मारायची वेळ आली की मात्र त्यांची थट्टा बंद व्हायची. खोलीत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. ते एकदाच "माफ कर रे" म्हणायचे, आणि पुढचं काम झटपट करायचे. मांडीच्या हाडातून मज्जा काढायची, काचेवर पसरायची, वाळवून रंगवायची. मग काचेवरच्या नावावर सर कागदाची पट्टी चिकटवायचे, म्हणजे मोजणाऱ्याला कुठल्या पिंजऱ्यातला उंदीर ते कळू नये. मोजायचं काम माझं. सूक्ष्मदर्शकाखाली निळसर, जांभळट गोल पेशी दिसायच्या आणि एखादीत तो ठिपका, मोहरीच्या दाण्यासारखा गोल. "हा ठिपका आहे की रंगाचा कण?" मी विचारायचे. "तुला काय दिसतं?" "ठिपका वाटतो." "वाटतो ते सोड. दिसलं तेवढंच बोल." थोडे ठिपके निरोगी उंदरातही असतात, कोऱ्यातही असतात. प्रश्न असतो तो जास्तीच्या ठिपक्यांचा.

हे सगळं सर करत होते ते पीएच.डी.साठी. आणि ती पीएच.डी. हा कॉलेजातला जुना विनोद होता. नाव नोंदवून इतकी वर्षं झाली होती की शिपाईसुद्धा त्यांना "आवो होणारे डॉक्टर" म्हणून हाक मारायचा. सर त्यालाही ओ द्यायचे. पण त्या वर्षी विनोद संपत आला होता. मुदतवाढ मिळायची ती सगळी मिळून झाली होती, विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होणार होते आणि डिसेंबर संपायच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. सर वरवर काही दाखवत नसत. पण एकदा मी पाहिलं, फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे "डॉ.". मी आत येताच त्यांनी घाईने पुसलं. डॉ. पुसला, नाव तसंच राहिलं. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर फार वाईट वाटलं.

शेवटची मोजणी झाली. सगळ्या काचा मोजून मी आकडे सरांच्या हातात दिले आणि ते एकेक पट्टी सोलायला लागले. औषध पाजलेल्या उंदरांत ठिपके जास्त होते. ते अपेक्षित होतं. पण कोऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांतही जवळजवळ तेवढेच ठिपके होते. ज्यांना आम्ही काहीच दिलं नव्हतं, त्यांचे धागे तुटले होते.

सरांनी पट्ट्या पुन्हा चिकटवल्या, पुन्हा सोलल्या. मग म्हणाले, "तू दमली असशील. मी मोजतो." त्यांनी मोजलं, तेच आलं. त्यांनी रंग बदलला, पाणी बदललं, पिंजरे उकळत्या पाण्याने धुतले, नवे उंदीर आणले. तरी तेच. त्या दिवसांत ते कँटीनमध्ये फक्त एकच कप मागवायचे आणि तोही गार होऊ द्यायचे. मामांनी मला विचारलं, "सरांचं काय बिनसलंय?"

आमचे विभागप्रमुख तसे भले गृहस्थ. त्यांनी सरांना खोलीत बोलावून दार लावलं. मला त्यांनी बाहेर काढलं नाही, बहुधा मी आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, "अहो, तुम्ही उंदीर आणलेत तेव्हा आल्या आल्या काहींची मोजणी केली होती ना? त्यांचे ठिपके कमी होते. तेच कोऱ्यात धरा. खोटं कुठंय त्यात? तुमचेच उंदीर, तुमचेच आकडे. प्रबंध द्या आणि मोकळे व्हा."

मला ते पटलं होतं. खरंच सांगते, अगदी पटलं होतं. सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "ते उंदीर औरंगाबादचं तयार खाद्य खाऊन आलेले. हे आपल्याकडचं खातात. मग तो यांचा कोरा कसा?"

"कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"मी विचारतो ना," सर म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. ते उभे राहिले ते थेट उंदरांच्या खोलीत गेले. मी मागे धावले. ते ज्वारीच्या डब्यासमोर उभे होते.

उंदरांचं तयार खाद्य औरंगाबादहूनच यायचं, पण एकदा एस.टी.चा संप झाला आणि ते अडकलं. तेव्हापासून सर उंदरांना घरची ज्वारी घालत होते. घरची म्हणजे पाटोद्याच्या पुढे त्यांचं गाव होतं तिथली, आईने पाठवलेली. सगळ्या पिंजऱ्यांना सारखीच घालायची, म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब. त्या ज्वारीचा त्यांना केवढा अभिमान! मूठभर हातावर घेऊन मला म्हणायचे, "माझ्या मायच्या हातची ज्वारी आहे. एक किडका दाणा दाखव." आणि खरंच, वर्ष उलटलं तरी त्या ज्वारीला सोंडा, धान्यातला तो काळा किडा, लागत नसे.

"तुझ्या घरची ज्वारी आण," सर मला म्हणाले.

अप्पांनी स्वतः मोजून दिली. उंदरांना खायला का होईना, पण आपल्या घरचं धान्य कॉलेजात चाललंय याचं त्यांना कौतुक होतं. नवे उंदीर दोन पिंजऱ्यांत ठेवले, औषध कुणालाच नाही. एकाला सरांच्या घरची ज्वारी, एकाला आमची. काही आठवड्यांनी मी पट्टी लावलेल्या काचा मोजल्या. सरांनी पट्ट्या सोलल्या. जास्त ठिपके त्यांच्या घरच्या ज्वारीवरच्या उंदरांत होते, आमच्या ज्वारीवरच्यांत अगदी थोडे. त्याच पावली ते आमच्या दुकानात गेले.

"अप्पा, तुमच्या ज्वारीत काय घालता?"

"काय न्हाई. कडूलिंबाचा पाला अन् चुलीची राख."

"पावडर नाही?"

ही पावडर अप्पांच्या दुकानात समोरच्याच फळीवर होती. खरं तर ती शेतात टाकायची, पिकाची मुळं खाणारी हुमणी अळी मारायला. पण निम्मे लोक ती न्यायचे धान्यात मिसळायला, आणि अप्पा देत होते. अप्पांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला.

"दुकानातलं दुकानात, सर. घरात लेकरं हायेत."

मला वाटलं, आता सर भडकणार. मला स्वतःलाच अप्पांचा राग आला होता, आणि लाजही वाटत होती. पण सर खताच्या पोत्यावर बसले. डोक्याला हात लावून बसले.

"आमच्या गावात ती पावडर मीच नेली," ते म्हणाले. "बी.एस्सी. होऊन गावी गेलो होतो. माय कडुलिंबाचा पाला वाळवत बसली होती. मी हसलो तिला. म्हटलं, कुठल्या काळात राहतेस? पोत्यात मूठभर टाक आणि वर्षभर बघू नकोस. साऱ्या गावाला मीच शिकवलं. आधी कुणी ऐकेना, मग मी घरोघर जाऊन स्वतःच्या हाताने मिसळून दिली."

अप्पांनी आतून पाणी मागवलं. सर उठून गेल्यावर त्यांनी पावडरीचे पुडे समोरच्या फळीवरून काढून मागे ठेवले. पुढे कुणी मागायला आलं की विचारायचे, "शेतात टाकायची का धान्यात?" धान्यात म्हटलं की "संपली" म्हणायचे. खोटंच बोलायचे, पण मला ते खोटं आवडायचं.

पुढच्या रविवारी सर गावी गेले. मला बरोबर नेलं, कारण आपण काय बोललो ते सांगायला कुणीतरी हवं, असं त्यांचं मत. आजींनी, म्हणजे सरांच्या आईने, ओसरीवर घोंगडी टाकली. सर आले की गाव गोळा व्हायचंच. सर उभे राहिले. वर्गात ऐटीत शिकवणारा हा माणूस तिथे शर्टाचं बटन पिळत होता. पिंजरे, उंदीर, ठिपके, ज्वारी, सगळं त्यांनी सांगितलं, सुतळीसुद्धा ओढून दाखवली.

आजी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "आन् आमी इतकी वरसं खातूय, ते? मेलो का आमी?"

"न्हाई मेलीस, माये. अन् उंदरात दिसलं म्हणजी माणसात झालंच आसंबी न्हाई. आपून पाखडून खातो, उंदीर तसंच खातो. तुमाला काय झालंय, का कायबी झालं न्हाई, मला ठाऊक न्हाई. ठाऊक न्हाई म्हणूनच सांगाया आलोय. पुढं घालू नका."

पुढे बसलेले एक म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, काठीवर हनुवटी टेकून बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, मग तवा कावून सांगितलं घाला म्हणून? तवा तर लई छाती ठोकून सांगितलं हुतंस."

मला सरांकडे बघवेना.

"तवा मी कोरा ठेवला नव्हता, तात्या," सर म्हणाले. "पोतं बघितलं, किडा मेल्याला बघितला, अन् बोललो. चुकलं माझं."

तात्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आरं, मग बस की. उभा कावून ऱ्हायलास?" आजींनी चहा टाकला.

डिसेंबर संपला. प्रबंध द्यायच्या शेवटच्या दिवशी सर रोजच्यासारखे कॉलेजात आले, बिनइस्त्रीचा शर्ट घालून, आणि पिंजरे धुवायला बसले. विभागप्रमुख दारात येऊन म्हणाले, "सगळं वाया घालवलंत." सरांनी वर न बघता उत्तर दिलं, "वाया कसं? कोऱ्यानेच तर बोट दाखवलं." पण त्यांचा आवाज मोठा नव्हता. त्या दिवशी शिपायाने त्यांना नुसतं "सर" म्हणून हाक मारली, आणि सरांनी चमकून मागे पाहिलं. ती हाक मला अजून आठवते.

जानेवारीत त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. कुणासाठी, कशासाठी, नोंदणी तर गेली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "प्रश्न तर अजून तिथंच आहे ना? लाल त्रिकोणाच्या बाटलीने धागे तुटतात का?" फेब्रुवारीत गावाकडे ज्वारी निघाली. सर सुट्टी टाकून गेले आणि आईबरोबर लिंबाचा पाला वाळवला, राख चाळली, पोती भरली. एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? गावभर फिरून त्यांनी लिंबाच्या पाल्याचं इतकं गुणगान केलं की लोकांना एके काळचे पावडरवाले सर आठवले. तीच छाती, तेच हात उडवणं.

श्रावणात त्या ज्वारीवर वाढलेल्या उंदरांच्या काचा मी मोजायला बसले. पट्ट्या लावलेल्या, नेहमीसारख्या. काही काचांत ठिपके जास्त, काहींत फारच थोडे. मी आकडे पुढे केले. सरांनी एकेक पट्टी सोलली. थोड्या ठिपक्यांच्या सगळ्या काचा कोऱ्या पिंजऱ्याच्या निघाल्या आणि जास्त ठिपक्यांच्या सगळ्या बाटलीच्या. आता तो फरक बाटलीचा होता, दुसऱ्या कशाचा नाही. मी टाळी वाजवली. सर म्हणाले, "अजून दोनदा करू, मग वाजव." आम्ही दोनदा केलं. पुढे दुसऱ्या मार्गदर्शकांकडे नाव नोंदवून, त्या खऱ्याखुऱ्या कोऱ्यावर सर डॉक्टर झाले, निवृत्तीच्या थोडंसंच आधी. मामांनी त्यांना तीन कप चहा पाजला. तिसऱ्यात काय होतं ते मामांनी सांगितलं नाही.

पण सर म्हटलं की मला तो समारंभ आठवत नाही. मला त्या श्रावणातल्या मोजणीनंतरचा रविवार आठवतो. कोरा या वेळी खरंच कोरा निघाला, हे आईला सांगायला सर पहिल्या गाडीने गावी निघाले आणि मी बरोबर होते. सरांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली. ज्वारी चांगली निघाली, लिंबाचा पाला म्हणजे काय चीज आहे, आता जिल्हाभर सांगायला पाहिजे, शाळांतून सांगायला पाहिजे. आजी शांतपणे ऐकत होत्या. सर दम घ्यायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "आन् कोरा कुठाय?"

सरांनी उडवलेले हात खाली घेतले.

"पाला घातला म्हणून कीड लागली न्हाई, का औंदा कीडच न्हवती, तुला काय ठाऊक? बघितलंस? का पुन्यांदा नुसतीच छाती ठोकतूस?"

आजी आत गेल्या आणि कोपऱ्यातून एक मडकं उचलून घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं. त्यातही त्याच रानातली, त्याच खळ्यावरची ज्वारी होती. तिच्यात पाला नाही, राख नाही, पावडर नाही. आजींनी ती सुगीतच बाजूला काढून ठेवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"सोड," त्या म्हणाल्या.

सरांनी फडकं सोडलं. मडक्यात काळ्या सोंड्यांची नुसती वळवळ होती, निम्म्या दाण्यांचं पीठ झालेलं. शेजारी पाल्याचं पोतं होतं. त्यातली ओंजळभर ज्वारी आजींनी सुपात ओतली. एखादा सोंडा फिरत होता, बाकी दाणा शाबूत होता.

सरांनी मडक्यात हात घातला. सोंडे त्यांच्या बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीत चढले. आजी ओरडल्या, "आरं, काढ की हात!" पण सर हात काढीनात. ते आईकडे बघत होते आणि इतके हसत होते की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्यांनी तसाच किड्यांनी भरलेला हात आईच्या पायाला लावला, आणि आजी किंचाळून पडवीत पळाल्या.